किनारीवरचा मीटर

हिरामणशेठ भजी खाऊन तेलकट बोटं कापडाला पुसायचा. लूमवरून नुकत्याच उतरलेल्या, कोऱ्या कापडाला. शेजारी फडकं पडलेलं असायचं, पण नाही, कापडच पाहिजे. पहिल्याच दिवशी ते बघून मला शिसारी आली होती. तेव्हाच उठून घरी यायला हवं होतं. पण मी बसले, चहा प्याले आणि त्याचं काम घेतलं.

का घेतलं ते सांगते. त्र्याण्णव साल होतं. डिप्लोमा करून मला चार वर्षं झाली होती आणि ब्राह्मणआळीतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी लोकांचे टीव्ही नि स्टॅबिलायझर दुरुस्त करत होते. लोक दारात येऊन विचारायचे, "विद्युल्लता इलेक्ट्रॉनिक्सवाले आहेत का?" मी म्हणायची, मीच. मग ते आत डोकावून आणखी कोणी बाप्या दिसतो का बघायचे. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील दत्तोपंत, शाळेतले निवृत्त कारकून, ते आतून ओरडायचे, "तीच आहे, तीच आहे!" अशा दिवसांत एक लूममालक घरी गाडी पाठवतो आणि म्हणतो, "इंजिनेरबाई, माझ्यासाठी मशीन बनवा." मी हुरळले. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे.

त्याला हवं होतं असं. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका त्याच्या फोल्डिंग खात्यात जायचा. तिथे लांब टेबल, टेबलाच्या दोन्ही टोकांना सुयांची पट्टी. बाई कापड या टोकाला अडकवते, त्या टोकाला अडकवते, घडीवर घडी घालत जाते. आमच्या भिवंडीत मीटर कोणी मोजत नाही, घड्या मोजतात. एक घडी म्हणजे एक मीटर. शंभर घड्या झाल्या की ताका बांधायचा. पण मुंबईची पार्टी बोंबलत होती की ताके कमी भरतात. "फोल्डिंगमध्ये गळती हाय," हिरामणशेठ म्हणाला. "कापडाच्या किनारीवर मीटरच छापून टाका. मग कोण चोर ते दिसंल."

आता कापडावर छापणार कसं? मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भंगारात निघालेल्या प्रिंटरची शाईची कार्ट्रिज आणली. काडेपेटीएवढी डबी, तोंडाला बारा बारीक भोकं. प्रत्येक भोकामागे केसाएवढा हीटर. त्याला झटका दिला की शाई उकळते आणि थेंब बाहेर उडतो. झटका किती द्यायचा? सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले सहा. सातआठ झाले तर चालतं, वीस झाले की हीटर जळाला. मी चार कार्ट्रिज जाळल्या. झटके मोजायला एक मायक्रोकंट्रोलर लावला, त्याचा प्रोग्रॅम लिहून वेगळ्या चिपमध्ये भरला. चुकला की ती चिप अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वीस मिनिटं ठेवून पुसायची आणि पुन्हा भरायची. तीन महिने माझी नखं काळी होती. आई म्हणायची, या हातांना कोण अंगठी घालणार. मी म्हणायची, नको घालू दे.

कापडासोबत फिरणारं एक रबरी चाक केलं. चाकाचा घेर स्टीलच्या टेपने तीनतीनदा मोजला. चाकाने एक मीटर पूर्ण केला की कंट्रोलर कार्ट्रिजला झटके देणार आणि कापडाच्या किनारीवर आकडा उमटणार. एक, दोन, तीन. पहिल्यांदा चिंधीवर ठिपक्याठिपक्यांचा "1" उमटला ना, तेव्हा मी खोलीत एकटीच नाचले. खोटं कशाला सांगू.

फोल्डिंग खात्यात कमळाबाई होती. दिघाशी गावची. अकरा वर्षं त्या टेबलावर उभी. पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, पण हात असा चालायचा की बघत राहावं. मशीन बसवताना तीच मला पाणी आणून द्यायची, कार्ट्रिजच्या भोकांत खळीची धूळ बसली की पदराने वारा घालायची. "बाय, शाई न्हाय निघंल ना धुतल्याव?" असं काळजीने विचारायची.

पहिला ताका चढवला तेव्हा सगळे जमले. हिरामणशेठ, त्याचा मुनीम मोरू, शिफ्ट संपवून आलेले आठदहा लूमवाले. ताका आदल्या दिवसापासून फोल्डिंग खात्यात पडलेला होता. कापड माझ्या चाकाखालून गेलं, किनारीवर आकडे उमटत गेले आणि पलीकडे कमळाबाई घड्या घालत गेली. ताका संपला. ती म्हणाली, "शंभर."

किनारीवर शेवटचा आकडा होता सत्त्याण्णव.

हिरामणशेठ माझ्याकडे वळला. "इंजिनेरबाई, तुमचं मशीन चुकतंय का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन महिने, चार कार्ट्रिज, काळी नखं आणि हा मला विचारतो मशीन चुकतं का! मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "माझं मशीन चुकत नाही. माणूस चुकतो, नाहीतर चोरतो."

शब्द गेला तो गेला. एक लूमवाला हसून म्हणाला, "मशीन ने पकड़ लिया!" मोरू म्हणाला, तीन मीटर काल रात्रीच कापलं नि घड्या शंभर सांगते; तरीच हिची एवढ्या पगारात अकरा वर्षं निघाली. कमळाबाई एवढंच म्हणत होती, "घड्या मोजा ना. शंभर हायेत. बाय, तू मोज." दोन मिनिटांचं काम होतं. हिरामणशेठने ताका ओढून बाजूला फेकला. "मशीन बोलली, आता काय मोजायचं?" आणि मी मोजल्या नाहीत. मी मान खाली घालून वायरी गुंडाळत बसले. कमळाबाईला त्याच दिवशी कामावरून काढलं.

शाई धुण्यात टिकते का बघायला हिरामणशेठने मला त्या ताक्याच्या सुरुवातीचा पाच मीटरचा तुकडा दिला होता. दोन दिवसांनी तो धुवायला काढला तर घड्यांचे चर अजून दिसत होते. मी सहज त्याच चरांवर कापडाच्या पुन्हा घड्या घातल्या. पहिला आकडा पहिल्या घडीच्या तीन बोटं... नाही, नीट सांगते, तीन सेंटीमीटर पुढे होता. दुसरा सहा सेंटीमीटर. तिसरा नऊ. म्हटलं, चाक घसरतंय की काय. टेप लावली. एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर एक मीटर. मग घडी मोजली. सत्त्याण्णव सेंटीमीटर.

मी चाक तीनतीनदा मोजलं होतं, पण ज्या टेबलासाठी चाक केलं त्या टेबलाला एकदाही टेप लावली नव्हती. घडी म्हणजे मीटर, हे जन्मापासून कानावर पडलेलं. ते कोण तपासतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन टेबल मोजलं. सुयांची पट्टी तीन सेंटीमीटर आत सरकवून नटबोल्टने आवळलेली, वर चांगला रंग दिलेला. कमळाबाईने शंभर घड्या मोजल्या होत्या, त्या शंभरच होत्या.

मी टेप हातात घेऊनच हिरामणशेठच्या केबिनमध्ये शिरले. तो भजीच खात होता. मला वाटलं चपापेल, निदान खोटं तरी बोलेल. कसलं काय! "सत्त्याण्णवच हाय," तो म्हणाला. "मीच सरकवली. बसा ना."

"मग कमळाबाई?"

"पार्टी ओरडत होती. कोणतरी दाखवाय पायजे होतं. तुमची मशीन बोलली म्हनून पार्टी गप झाली. तुमचा लय उपकार झाला बघा." मग बोटं चाटून त्याने शेजारच्या ताक्याला पुसली. "आता असं करा, तुमचं चाक पन सत्त्याण्णववर आना. म्हंजे छापील शंभर येतील. छापलेलं कोन मोजत न्हाय."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. पण हा बोंबलतही नव्हता, लग्नाचं आमंत्रण द्यावं तसा हसून सांगत होता. त्याच्या बोटांची किळस आली, त्या बशीची आली, आणि सगळ्यात जास्त आली माझ्या त्या खणखणीत आवाजाची.

पण मी काय केलं असेल? मी म्हणाले, "आणते."

घरी येऊन चिप दिव्याखाली घातली. नवा प्रोग्रॅम लिहिला. दर सत्त्याण्णव सेंटीमीटरला आकडा छापायचा, तो म्हणाला तसंच. फक्त आकड्यापुढे, त्याच ठिपक्यांत, आणखी दोन शब्द: "97 CM". प्रत्येक मीटरवर. शंभर वेळा. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. म्हटलं, घे लेका, तुझ्याच कापडावर तुझी चोरी छापते. बाजारात ताके उघडले की पार्ट्या धावून येतील, तुझे कपडे फाडतील आणि कमळाबाईवरचा डाग आपोआप धुतला जाईल.

हिरामणशेठला इंग्रजी आकडे-अक्षरं वाचायची सवय नव्हती. मोरूने बघितलं असेल तर त्याला वाटलं असेल कंपनीचा छाप. चाळीस ताके तसे गेले. मी रोज वाट बघत होते. चौथ्या दिवशी गाडी आली.

मी मनाशी सगळी भाषणं तयार करून गेले. हिरामणशेठ हसत होता. असा हसत होता की पोट हलत होतं. "इंजिनेरबाई, चेष्टा केली व्हय? पार्टीचा फोन आला. बोलले, सत्त्याण्णव आमाला म्हाईत हाय, बाजारात तेवढाच चालतो. मागचे ताके पंचाण्णव भरले म्हनून ओरडलो. टेबलाच्या सुया वाकून घडी पंचाण्णवची पडत व्हती म्हनं. बोलले, छाप झक्कास हाय, फक्त ते लिवलेलं काढा, पुढच्या गिऱ्हाइकाला दिसतं."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. घेणाऱ्याला, विकणाऱ्याला, बाजाराला. न ठाऊक असलेली दोन माणसं होती. एक कमळाबाई आणि एक मी. आणि मी तिला चोर म्हटलं होतं. थू! मी तिथेच थुंकणार होते, पण त्या केबिनमध्ये थुंकायलासुद्धा स्वच्छ जागा नव्हती.

मी एसटीने दिघाशीला गेले. कमळाबाई अंगणात बोंबील उन्हात पसरत होती. तिने मला बस म्हटलं नाही. तीन फोल्डिंग खात्यांत ती जाऊन आली होती. तिन्हीकडे पहिला प्रश्न, हिरामणशेठकडून का सुटली? गावातही बातमी पोचली होती. धाकट्या मुलीला बघायला येणारी माणसं आलीच नव्हती.

मी सगळं सांगितलं. पट्टी, नटबोल्ट, सत्त्याण्णव. मग थोड्या फुशारकीनेच सांगितलं की मी गप्प बसले नाही, चाळीस ताक्यांवर, प्रत्येक मीटरवर, खरं छापलं.

तिने बोंबील पसरायचे थांबवले. "इंग्रजीत?"

"हो."

"मना वाचता येत न्हाय. गावात कुणाला येत न्हाय." ती माझ्याकडे बघत राहिली. "बाय, चोर बोललीस तवा मराठीत बोललीस. धा मान्सांत, तोंडानं. आन खरं सांगाची पाली आली त कापडाच्या किनारीव लिवलंस?"

अगदी बरोबर बोलली होती ती. मी शूर नव्हते. मी माझ्या कार्ट्रिजच्या मागे लपले होते.

"लुगडं बदला," मी म्हणाले. "शिफ्ट सुटायच्या आत पोचू."

आम्ही पोचलो तेव्हा सकाळची शिफ्ट सुटून दुपारची चढत होती. मोरू दारात आडवा आला, त्याला मी बाजूला सारलं. तेच लूमवाले होते, आणखीही होते. शेजारच्या कारखान्यातल्या दोन फोल्डिंगवाल्याही गर्दी बघून आल्या. हिरामणशेठ केबिनच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "ओ इंजिनेरबाई, नाटक कसलं?" मी टेबलावर टेप ताणली. एक टोक कमळाबाईच्या हातात दिलं.

"हे टेबल सत्त्याण्णव सेंटीमीटरचं आहे," मी म्हणाले. "कमळाबाईने चोरी केली नाही. मी खोटं बोलले."

अर्धे लूम चालूच होते. मागच्यांनी कानामागे हात धरला. एकाने विचारलं, "क्या बोली?"

कमळाबाईने टेप सोडली नाही. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "जोरानं बोल, बाय. त्या दिशी बोललीस तवढ्या जोरानं."