करदोट्यातला भोकाचा पैसा

मी भोकाचा पैसा बोलतोय. लढाईच्या दिवसांत टांकसाळीला तांबं पुरेना, म्हणून माझ्या पोटातलंच काढून घेतलं. पुढे बाजारातून मी बाद झालो, पण पोरांच्या कमरेला मला मान होता. भोक होतं ना, ओवायला!

पडघ्याजवळच्या एका पाड्यावर ठकुबाईने मला तिच्या धाकलीच्या करदोट्यात ओवलं. काळा दोरा अपुरा पडला, तेव्हा तिने आपल्या लुगड्याचा लाल धागा त्यात पिळला. दोन पावसाळे मी त्या पोरीच्या बेंबीशी खेळलो. मग तिला जुलाब लागले नि दोन दिवसांत पोर गेली. शेताच्या बांधाला तिला पुरलं, माझ्यासकट.

चाळीस वर्षं मी एकच काम केलं. मेल्या मातीने पोरीचं काही म्हणता काही उरू दिलं नाही. पण माझ्या अंगावर हिरवा गंज चढला, तो दोऱ्यात मुरला, आणि भोकातला बोटभर दोरा मी कुजू दिला नाही. लाल धाग्यासकट!

त्या शेताचं आता फार्महाऊस झालंय. ठकुबाई तिथेच बागकामाला आहे. गुलाबासाठी खड्डा खणताना मी तिच्याच खुरप्याला लागलो. मालकीण ऋतिका शेजारी उभी होती. तिने "अय्या, जुनं नाणं!" म्हणत मला उचललं.

ठकुबाईला लाल धागा दिसला आणि तिने हात पुढे केला.

"बाय, ह्यो माजे धाकलीचा हाय. हितंच पुरलीय तिला."

ऋतिकाने मला टाकूनच दिलं. "शी! मेलेल्याच्या अंगावरचं? मग हे नुसत्या लिंबाने धुऊन नाही भागायचं. मावशी, बाथरूमचं अ‍ॅसिड आणा."

"पैसा ऱ्हाव दे तुला. दोरा तेवढा दे."

"अहो, बुरशी असते त्यात! आणि हे कुणापुढे बोलू नका हं, पाहुणे यायचे नाहीत इथे."

वाटीत अ‍ॅसिड फसफसलं. माझी चाळीस वर्षांची राखण पाच मिनिटंही टिकली नाही. दोरा सुटताना दिसला तसं ठकुबाईने वाटीत बोट घातलं. बोट भाजलं, हाती काय लागलं? हिरवं पाणी! वर तिच्याकडूनच मला ब्रशने घासून घेतलं. माझ्यावरचा राजाचा मुकुट गेला, सालाचा आकडा गेला. कसला चकाकतोय, म्हणे!

आता मी दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत आहे. एकटा बरा दिसेना, म्हणून ऋतिकाच्या नवऱ्याने बाजारातून आणखी सहा भोकाचे पैसे आणले, तेही असेच घासलेले. खाली पाटी लावलीय, 'आमच्या बागेतला खजिना'. जुनी नाणी कशी जपावीत, ते ऋतिका पाहुण्यांना हौसेने सांगते.

ठकुबाई रोज ती काच पुसते. आसपास कुणी नसलं की भाजलेलं बोट काचेवर टेकवते नि पुटपुटते, "धाकले, जेवलीस का गं?"

ती रोज पाचव्या पैशावर बोट ठेवते. तो कुठला कोण, त्याला धाकली ठाऊकही नाही.

मला बोलता येत नाही हो तिच्याशी. कुणीतरी तिला एवढं सांगा, मी डावीकडून दुसरा आहे.