सुराशिवाय बैल चालेना

“चल की रे मेल्या! हात जोडते तुला!”

हात जोडून झाले, शिव्या देऊन झाल्या, शेपूट पिरगाळून झालं. नवाब काही हलेना. नांगर मातीत रुतवून हा बैल रानात मधोमध उभा, आणि डोळे अर्धे मिटून रवंथ करतोय. जसं काही बाईसाहेब दुसऱ्याच कुणाशी बोलतायत.

गावात तिला तोफ म्हणत. आवाज तसा नि तोंडही तसंच. नवरा मात्र गवई. धंद्यानं शेतकरीच, पण रविवारी चर्चमध्ये पहिला सूर त्याचा लागायचा, मग बाकीची मंडळी त्याच्या मागून. पंचवीस वर्षं तो गात आला नि ती ओरडत आली, आणि दोघांचं झकास चाललं होतं.

मागच्या हंगामात तो बांधावरच कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून नुसतं “बा… बा…” निघायचं. सांगायचं एक आणि निघायचं हे, म्हणून तो चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचा.

पाळकसाहेब भेटायला आले, तर तोफेनं त्यांना दारातच गाठलं.

“देवाला सांगा, त्याची नि माझी बोलाचाल बंद आहे.”

“का गं बाई?”

“का म्हणजे? अख्ख्या गावात त्याची स्तुती नीट करणारं एक तोंड होतं, त्यानं नेमकं तेच बंद केलं. माझं केलं असतं तर गाव सुटलं असतं!”

पाळकसाहेब हसले नाहीत. उंबऱ्यावरच टेकले. “ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण अबोला धरू नकोस. भांडायचं तर भांड त्याच्याशी. बायबलातली स्तोत्रं उघडून बघ, माणसं काय कमी भांडलीत?”

“बघू,” ती म्हणाली. म्हणजे नाही.

आता वाटाणा पेरायचा होता. जमिनीत ओल होती ती फार तर आठ दिवसांची. एकदा का ढेकळं वाळली की वर्षाचं पीक गेलं. नवऱ्याला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून तिनं त्याला खुर्चीसकट बांधावरच्या झाडाखाली आणून बसवलं होतं. आणि इथं नवाबाची ही मिजास.

शेजारच्या रानातून थोरली जाऊ सगळं बघत होती. पदर तोंडाला लावून हसत ती म्हणाली, “अगं, त्याला गाणं लागतं! भावजी गायल्याशिवाय कधी चाललाय का तो?”

“मी गाऊ? मी गायले तर पाखरं गाव सोडतील.”

“पाखरांचं काय घेऊन बसलीस? बैल चालल्याशी कारण!”

तोफेनं इकडंतिकडं बघितलं, घसा खाकरला आणि नवऱ्याचं रोजचं गाणं सुरू केलं:

“ऊन असो वा सावली, प्रभू, तुझ्यामागुती चालीन मी,
वाट कळेना तेव्हाही, बोट तुझे ना सोडीन मी…”

नवाबानं एक कान हलवला. काय ऐकतोय यावर त्याचा विश्वास बसेना बहुतेक. पण पाऊल उचललं बिचाऱ्यानं. झाडाखाली गवई असा कळवळला, जसं कुणी दुखऱ्या दाढेवर बोट ठेवलंय.

ती थांबली की बैल थांबे. म्हणून थांबायची सोय नाही. ज्याच्याशी अबोला, त्याचंच गाणं दिवसभर घोकायचं! पहिल्या दिवशी दात-ओठ खात गायली. दुसऱ्या दिवशी मध्येच गाणं तोडून वर बघून म्हणाली, “बोट सोडणार नाही म्हणे! आधी तू धरलंयस का माझं?” आणि पुढची ओळ धरली. तिसऱ्या दिवशी तळहाताचे फोड फुटले. त्या दिवशी भांडणही झालं नि रडणंही झालं, सगळं त्याच चालीवर.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं बैल सोडला, पाणी पाजलं, सावलीत बांधला आणि भाकर सोडायला बसली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की बैल केव्हाचा उभा आहे आणि आपण गातोच आहोत.

ती चपापली. नवऱ्याची वाचा गेलीच होती. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, निम्मं रान अजून पडलं होतं. बदललं काहीच नव्हतं. आणि तरी छातीवरचा धोंडा कुणीतरी हळूच बाजूला ठेवल्यासारखं हलकं वाटत होतं. तिनं वर बघितलं.

“बरं,” ती पुटपुटली, “बोलते मी. पण सगळं माफ केलंय असं समजू नकोस.”

सहाव्या दिवशी शेवटचा तुकडा राहिला. मजेत होती, म्हणून आवाजही मोकळा सोडला होता. तिसऱ्या ओळीला तिनं सूर असा काही मोडला की झाडाखालून खणखणीत आवाज आला:

“काटे रुतता पायी माझ्या, खांदा तुझाच मागीन मी!”

सगळे शब्द. स्वच्छ. सुरात.

तोफेच्या हातून नांगर सुटला. नवाब गाणं ऐकून एकटाच पुढं निघाला आणि शेजारच्या रानात शिरला. जाऊ ओरडत होती, पण कुणाला ऐकू येतंय! तोफ धावत खुर्चीपाशी गेली.

“अहो, बोला! बोला ना!”

“बा…” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

“मग गा!”

तो गायला.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, असं होतं कधीकधी. बोलणं जातं आणि गाणं मागं राहतं. त्याचाच धागा धरून थोडं बोलणंही येईल, पण धीर हवा. हात मात्र येईलसं वाटत नाही. तोफ म्हणाली, हाताचं मी बघते.

मग घरात सगळा कारभार गाण्यातच सुरू झाला. “पाणी दे गं” स्तोत्राच्या चालीवर, “उशी सरकव” दुसऱ्या चालीवर. आणि एका संध्याकाळी ती त्याचे पाय चेपत असताना त्यानं चार शब्द जुळवायला फार वेळ घेतला, डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि गायला, “फार राबलीस गं तू.” तोफेनं त्याचा दुसरा पायही मांडीवर घेतला.

रविवारी दोघं चर्चला गेली. पहिला सूर त्यानं लावला, मंडळी उभी राहिली. ती मात्र ओठ मिटून गप्प. आज त्याचा दिवस, आपण कशाला विरजण घालायचं? त्यानं कोपरानं ढोसलं. ती गायला लागली, आणि दुसऱ्याच ओळीला सूर सोडून भलतीकडे गेली. पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

उभ्या जन्मात बेसूर खपवून न घेणाऱ्या गवयानं तिच्याकडे बघितलं, आपला सूर सोडला, आणि तिच्या भलत्या सुरात सूर मिसळून मोठ्यानं गायला लागला. मंडळी एक क्षण गडबडली. मग तीही त्या दोघांच्या मागून निघाली.