ठसका लागला नाही

मी एक जुनी करवंटी आहे. नारळ खवून झाला की आमची जागा चुलीत. पण दिवेआगरच्या नुरुद्दीननी मला काचेच्या तुकड्याने खरवडलं, खोबरेल चोळलं आणि माझा पेला केला. मी ज्या माडाची, तो त्यांनीच लावला होता. पुढे वादळात तो आडवा झाला, मी उरले.

मित्रांनो, या घराची एक रीत होती. कुणी आजारी पडलं की वाडीतलं शहाळं फोडायचं आणि पाणी माझ्यातूनच पाजायचं. त्यांच्या लहानग्या लेकीला, महनूरला वाटायचं, तिचा ताप मीच उतरवते. पुढे घरात काचेचे ग्लास आले. मी फडताळात खिळे सांभाळत बसले.

गेल्या वर्षी नुरुद्दीनना झटका आला. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली. उजवा हात लुळा पडला, शब्द अडखळू लागले. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी महनूरला बजावलं, "पातळ काही देऊ नका. घट्ट करून, बसवून भरवा."

तिने चहा बंद केला, पेजसुद्धा घट्ट केली. पण शहाळं? ते या घरात कुणी पाण्यात धरतच नव्हतं. ते औषध होतं.

शेजारच्या चंद्राबाई शहाळी घेऊन आल्या. "नुरूभाय, असला लगदा खाऊन मानूस उठतो व्हय? माझ्या माडाचं हाय ह्ये. तुमच्या माडावानी खारट न्हाय."

नुरुद्दीन अर्ध्या तोंडाने हसले. "तुझ्या माडाला... पाणी... माझ्याच विहिरीचं ना?"

झटक्यानंतरची ही त्यांची पहिली थट्टा. महनूरने घाईने खिळे ओतले, मला धुतलं आणि त्यांच्या ओठांना लावलं. एक घोट, मग दुसरा. ठसका लागला नाही.

"बघ चंद्रामावशी, नीट गिळतायत अब्बा!" तिचे डोळे भरले. मीही सुखावले. मग ती रोज पाजू लागली.

आठवडाही सरला नाही तोच ताप चढला, छाती घरघरू लागली. त्यांना अलिबागला नेलं. ते परत आले नाहीत.

नंतर महनूर चंद्राबाईंना सांगत होती, "गिळायचा हुकूम मेंदूतूनच येतो, मावशी. तो येत नव्हता. पाणी पोटात जायचं ते फुफ्फुसांत उतरत होतं."

"पन त्यांना ठसका तरी..."

"खोकलाच जागा झाला नाही." ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, नुसत्या शहाळ्यानेच झालं असं नाही. थुंकीसुद्धा आत जाते."

मी तर सुन्न झाले. मेंदू कुठे, फुफ्फुसं कुठे! आणि मधल्या वाटेवर मी होते, घासूनपुसून, काठोकाठ भरलेली.

परवा मागच्या आळीतली सोनल धावत आली. "महनूरताई, तुमची ती गुणाची करवंटी द्या ना. सासऱ्यांना झटका आला होता, आजच घरी आणलंय. शहाळं पाजते."

"त्यांना गिळता येतं का, हे तपासलंय कुणी?"

"ते कशाला तपासायचं? ठसका कुठं लागतोय?"

महनूरने मला फडताळातून काढलं, छातीशी धरलं. "आधी डॉक्टरांना फोन लाव. इथूनच लाव. तोवर ही मिळणार नाही."

सोनलने फोन लावला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी असेल. मायेने भरण्याआधी विचारून घ्या. तोवर मला रिकामीच राहू द्या.