चुन्याचा पट्टा

बाटलीवरचा कागद पाहिला आणि सावळेरामच्या मनात पाल चुकचुकली.

दिवाळीला सोनल आली तेव्हा तिने ही बाटली बेल्जियमहून कपड्यांच्या घड्यांत दडवून आणली होती. पोरीने बापासाठी आणलेली बिअरची एकच बाटली. तिकडच्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून निळी चिकटपट्टी. त्याच्या लोणी गावच्या उन्हाळ्यात ती टिकली नसती, म्हणून सावळेरामने ती गोकुळच्या शीतगृहात ठेवायला दिली. आज गोकुळने ती आणून टेबलावर ठेवली, तर वर मराठी पेपर. टोमॅटोचे बाजारभाव छापलेला.

"कागद बदललास का रे?"

"वल आली व्हती सावळ्या. बदलला न्हाई, वरनं आनखी एक गुंडाळला."

उत्तर सरळ होतं. सावळेरामला ते जरा जास्तच सरळ वाटलं.

महिन्यातून एका रविवारी ही चौघं पिंपळवंडीला गोकुळच्या द्राक्षबागेच्या कडेला, जांभळाखाली जमत. बसायचं ते भरदुपारी, कारण बिबट्याच्या भीतीने अंधार पडायच्या आत ज्याला त्याला घर गाठायचं असे. गोकुळचं शीतगृह होतं. दादाभाऊचा मांडवाचा धंदा. मोहिनी वाइनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती आणि बिअरचं हे वेड तिनेच सगळ्यांना लावलं होतं. सावळेराम शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, म्हणून तो सगळ्यांचा 'सर'. फक्त गोकुळ त्याला सावळ्या म्हणे. दोघे पहिलीपासून एका बाकावर बसलेले.

मंडळींचा नियम एकच. बाटली कागदात असतानाच ओतायची. आधी वास, मग घोट. चौघांचं बोलून झाल्याशिवाय कागद काढायचा नाही.

पहिली बाटली दादाभाऊने पुण्याहून आणली होती. त्याने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "ही तर सोलकढी हाय राव. फेस आलेली."

"कोकमच आहे त्यात," मोहिनी हसली. "आणि किंचित मीठ. ह्या प्रकाराला गोझ म्हणतात. तळलेल्या मासळीबरोबर घेऊन बघा, मग नावं ठेवा."

"मासळी न्हाई, माज्या नशिबी शेवच हाय," म्हणत दादाभाऊने बशी पुढे ओढली.

मग सोनलची बाटली. मोहिनीने तार सोडवली, बूच हळूहळू फिरवलं. आवाज बेताचाच झाला. फुस्स. एवढाच? सावळेरामने गोकुळकडे पाहिलं. गोकुळ ग्लास नाकाशी धरून डोळे मिटून बसला होता.

"वल्ल्या घोंगडीचा वास येतोय," गोकुळ म्हणाला. "मेंढरं भिजून आल्यावानी."

मोहिनीने टाळी वाजवली. "वा काका! जाणकार अगदी हाच वास सांगतात. तिकडचे लोक घोड्याच्या पाठीवरचं घोंगडं म्हणतात. ह्याला लॅम्बिक म्हणतात. विरजण लावत नाहीत, हवेतलं जे येऊन पडेल त्यावरच आंबू देतात, आणि वर्षानुवर्षं लाकडी पिंपात ठेवतात."

सावळेरामचा ग्लास हातातच राहिला. घोंगडीच्या वासाचं सोनलने फक्त त्याला सांगितलं होतं. मग गोकुळला एक घोटही न घेता कसं कळलं? मागे एकदा तो म्हणाला होता, "ती आंबट बेल्जियमवाली येकदा बघायलाच पायजे." होळीला त्याचे जावई आले होते. शीतगृहाची किल्ली त्याच्याच कमरेला. बूच पुन्हा दाबून बसवायला कितीसा वेळ लागतो? म्हणूनच आवाज बसलेला. घोंगडीचा वास गावात जन्मलेल्या कुणालाही नुसत्या हुंगण्याने ओळखू येतो, हे त्या क्षणी त्याला सुचलं नाही.

"सर, तुमचं काय मत?" मोहिनीने विचारलं.

"आधी कागद काढू."

"अहो, नियम..."

त्याने बाटली ओढून घेतली आणि बाहेरचा पेपर, आतला पेपर, चिकटपट्टी, सगळं एका हिसक्यात ओरबाडून काढलं.

बाटलीच्या अंगावर चुन्याचा पांढरा पट्टा होता.

त्या पट्ट्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. गोकुळच्या शीतगृहात द्राक्षाचा जो क्रेट उघडून पाहिला, त्यावर कुंचल्याने चुन्याचा एक पट्टा ओढायचा, म्हणजे तो पुन्हा कुणी उघडू नये. दादाभाऊने शेवेची बशी हळूच खाली ठेवली.

"उघडून बघितलीस," सावळेराम म्हणाला.

"न्हाई."

"हा पट्टा कुणाच्या कुंचल्याचा मग? माझ्या?"

"सावळ्या, मी हात लावला न्हाई. वरनं कागद गुंडाळला, तेवढाच."

"जावयांना पाजलीस आणि उरलेल्यात काय ओतलंस? माझ्या पोरीची बाटली होती ती!"

त्याने आपला ग्लास वेलाच्या बुडाशी उपडा केला. मातीवर थोडा फेस आला आणि जिरला. गोकुळ त्या ओल्या मातीकडे पाहत राहिला. तेही सावळेरामला कबुलीसारखं वाटलं.

मोहिनीला राहवलं नाही. "सर, सोनलला फोन लावा. तिकडे आत्ता सकाळच असेल."

सोनल पडद्यावर आली. मोहिनीने बाटली तिच्यासमोर धरली. "हा पांढरा पट्टा कसला गं?"

"अगं, तो इकडच्या कारखान्यातलाच! बाटल्या आडव्या ठेवतात ना, तर वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून चुन्याचा फटकारा मारतात. तशीच धरून ओतायची, गाळ हलत नाही. मी सांगायचंच विसरले."

सावळेरामने खाली पाहिलं. त्याच्या बोटाला निळी चिकटपट्टी लोंबत होती. सोनलच्या हातची, आतल्या परदेशी कागदाचे तुकडे अजून तिला चिकटलेले. ती त्यानेच आत्ता तोडली होती. त्याआधी ती अखंड होती.

"बाबा, कशी लागली ते सांगा ना," सोनल म्हणाली. "घोंगडीचा वास आला की नाही?"

बाटलीत तळाला नुसता गाळ उरला होता. गोकुळने आपला ग्लास उचलला. त्यात दोन घोट होते. त्याने तो सावळेरामपुढे ठेवला.

"सांगा तिला," तो म्हणाला.

सावळेरामने घोट घेतला. आंबट होतं, कच्च्या करवंदासारखं, आणि मागून कोरडं, लाकडासारखं काहीतरी. ग्लासात बसून बसून त्याचा गारवा गेला होता आणि चव उलगडली होती. एरवी त्यावर तो बराच वेळ बोलला असता.

"चांगली आहे," तो म्हणाला. "गोकुळने चांगली सांभाळली."

"गोकुळकाकांना थँक्यू सांगा!"

फोन बंद झाला. दादाभाऊने घसा खाकरून पुढच्या महिन्याचं काढलं. सावळेरामच्या पिशवीत पुण्याची जांभळाची आंबट बिअर होती, पुढच्या बैठकीसाठी. नेहमीप्रमाणे ती शीतगृहात ठेवायची म्हणून आणलेली. त्याने ती बाहेर काढली आणि गोकुळपुढे धरली.

"गोकुळ, चुकलं माझं. ही ठेवतोस ना?"

गोकुळ ग्लास गोळा करत होता. त्याने बाटलीकडे पाहिलं, हात मात्र पुढे केला नाही.

"घरीच न्या, सर," तो म्हणाला. "अंधार पडायच्या आत निघा."