ओकोझेच्या जागी तोमेजिरो

शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवसापर्यंत कामिहोरात हरणांचा नुसता सुळसुळाट होता. भाताच्या खुंटांत हरणं, थडग्यांवर वाहिलेली फुलं चघळणारी हरणं, आणि पाऊस लागला की बसथांब्याच्या छपराखाली शहाण्यासारखी रांगेत उभी राहणारी हरणं. पालिकेचा मोजणीवाला दुर्बीण घेऊन आला, डोंगराकडे बघूनबघून दमला आणि "यंदाचा आकडा काही विचारू नका" म्हणून चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी हंगाम उघडला आणि डोंगर रिकामा झाला. हरीण सोडा, हरणाची ताजी लेंडीसुद्धा दिसेना.

याचा सगळ्यात मोठा घोर लागला तोमेजिरोला, कारण तो शिकारी टोळीचा नायक. टोळी म्हणजे पाच म्हातारे आणि तीन कुत्री, त्यातलं एक कुत्रं बहिरं. पण नायकपद ते नायकपद. त्याच्या गळ्यात हरणाच्या शिंगाची शिट्टी असायची. ती वाजली की हाका सुरू, म्हणजे आरडाओरडा करून हरणं बंदुकांपुढे पिटाळायची. ही शिट्टी त्याच्याआधी त्याच्या बापाच्या गळ्यात होती आणि बापाच्या आधी आजोबांच्या. आणि रीत अशी, की ज्या नायकाचा अख्खा हंगाम एकही हरीण न पडता कोरडा जाईल, त्यानं शेवटच्या संध्याकाळी ती शिट्टी उतरवून टोळीतल्या पुढच्या माणसाच्या गळ्यात घालायची. हरीण कुणाच्याही बंदुकीनं पडो, एक पडलं की नायक वाचला.

पुढचा माणूस होता शिगेमोरी. शिगेमोरी म्हणजे तोमेजिरोच्या बायकोचा धाकटा भाऊ. नेम पक्का आणि तोंड त्याहून पक्कं. आपल्यासमोर आलेलं हरीण आजवर जिवंत परत गेलेलं नाही, हे तो लग्नात सांगायचा, मयतीत सांगायचा, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही सांगायचा.

"दाजी," दर रविवारी रिकाम्या हातानं डोंगर उतरताना तो विचारायचा, "त्या शिट्टीची दोरी जरा आखूड नाही का? माझी मान जाड आहे, म्हणून आपलं विचारतो."

"मानेचं सोड, डोकं तरी आहे का तिच्यावर?" तोमेजिरो खेकसायचा. पण आतून तो धास्तावला होता. या माणसाच्या शिट्टीवर आपण कुत्र्यासारखं धावायचं, या नुसत्या विचारानं त्याच्या घशाखाली भात उतरत नव्हता.

हरणं गेली कुठे, हे गूढ मात्र फार दिवस टिकलं नाही. ती तोमेजिरोच्या घरी आली होती.

म्हणजे अगदी घरात नाही, घरामागच्या मळ्यात. तोमेजिरोची बायको हात्सुए तिथे मुळे आणि कोबी लावायची. तिचं मुळ्याचं लोणचं खोऱ्यात नावाजलेलं. हंगाम उघडला त्या दिवशी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक हरीण दिसलं. पुढच्या आठवड्यात चार. नवं वर्ष उजाडेपर्यंत अकरा, आणि त्यातलं एक शिंगाडं, म्हणजे मोठ्या शिंगांचा नर, थेट खिडकीला नाक लावून मिसोचं सूप उकळतं कसं ते बघत उभं. शेजारच्या मळ्यांत एक पान कुणी कुरतडलं नव्हतं. घराजवळ बंदूक चालवायला कायद्यानं बंदी, त्यामुळे खोऱ्यातला मोठा शिकारी स्वतःच्या परसात हातात झाडू घेऊन "हाड, हाड" करत फिरायचा. हरणं दोन पावलं सरकायची आणि पुन्हा मुळा उपटायची.

"डोंगरावर एक नाही आणि माझ्या मुळ्यांवर अकरा!" हात्सुए कडाडली. "तुम्ही शिकारी आहात की त्यांचे वाढपी?"

"देवी कोपली आहे," तोमेजिरो मान खाली घालून म्हणाला.

डोंगरदेवीचं प्रकरण नाजूक. ती दिसायला यथातथाच आणि स्वभावानं मत्सरी, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. देखणी बाई डोंगरावर आलेली तिला खपत नाही. म्हणून शिकारी तिच्यापुढे बायकोचं नावसुद्धा काढत नाहीत, आणि भेट म्हणून नेतात वाळवलेला ओकोझे. ओकोझे हा समुद्रातला इतका कुरूप मासा, की त्याला बघून देवीला वाटतं, चला, आपल्याहून वाईट कुणीतरी आहे. मग ती हसते आणि खुशीत येऊन हरणं सोडते. टोळीचा ओकोझे नायकाच्या घरी कागदांच्या गुंडाळीत असायचा. माणसांनी त्याच्याकडे बघायचं नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी नायकानं तोंड फिरवून गुंडाळीचं टोक डोंगरावरच्या देवीच्या देवळीकडे उघडायचं, आणि बाकीच्यांनी, तेही तोंड फिरवून, खो खो हसायचं. न बघितलेल्या माशाला हसणं सोपं नसतं. पण कामिहोराचे म्हातारे त्यात तरबेज होते.

"मी सगळं रीतीप्रमाणं केलं," तोमेजिरो म्हणाला. "हसलेही सगळे जोरात. उशिमात्सु आजोबांना तर ठसका लागला. आता एकच उरलं. उद्या हंगामाचा शेवटचा दिवस. गुंडाळी सोडून बघतो, माशाला कीड तर नाही लागली."

हात्सुएच्या हातातली पळी खाली पडली.

"नका सोडू," ती म्हणाली.

"का?"

"नका म्हणजे नका."

लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या नवऱ्याला एवढं पुरतं. तोमेजिरोनं देवघराच्या फळीवरून गुंडाळी ओढली आणि भराभरा कागद सोडायला सुरुवात केली. आतून मासा निघाला नाही. फोटो निघाला. कडक कॉलरचा शर्ट, तेल लावून मागे बसवलेले केस, हनुवटी वर, आणि बंदुकीच्या परवान्यासाठी पहिल्यांदाच स्टुडिओत बसलेला तेवीस वर्षांचा तोमेजिरो.

"हा मी आहे," तोमेजिरो म्हणाला.

"उन्हाळ्यात कपड्यांबरोबर गुंडाळीही उन्हात ठेवली होती," हात्सुए जमिनीकडे बघत म्हणाली. "मांजरीनं मासा खाल्ला. मासेवाल्याकडे ओकोझे नव्हता. मग म्हटलं, घरात काही तसं मिळतंय का बघू. कपाटात हा सापडला."

"तसं म्हणजे कसं?"

"अहो, भुवया बघा ना त्यातल्या. आणि ते ओठ! मला तर एकदम ओकोझेच आठवला."

 तोमेजिरोनं तडक उशिमात्सु आजोबांना बोलावलं. टोळीतले सगळ्यात थोरले, देवीच्या स्वभावाचे जाणकार. आजोबांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, मग खिडकीतून अकरा हरणांकडे बघितलं आणि मांडीवर थाप मारली.

"अरे मूर्खा, देवी तुझ्यावर भाळलीय!"

"काय?"

"पोरी, तुला हा ध्यान वाटला असेल, पण तिला आवडला. आणि एकदा आवडला म्हटल्यावर तिनं चौकशी केली असणार, की याची बायको कोण. म्हणून तर सगळा डोंगर उतरवून तुझ्या मुळ्यांवर घातलाय. शेजारच्या कोबीला तोंड लावलंय का एकानं तरी?"

हात्सुए खिडकीशी गेली. शिंगाडं अजून तिथेच होतं. तिनं त्याच्याकडे असं काही बघितलं, की ते पहिल्यांदाच दोन पावलं मागे सरलं.

"भवानी," ती पुटपुटली. "या वयात!"

"आता उपाय?" तोमेजिरोनं विचारलं. आपल्यावर कुणीतरी भाळलंय, हे ऐकून तो नकळत जरा ताठ बसला होता. ते हात्सुएनं बघितलं.

"उपाय एकच," आजोबा म्हणाले. "तिचा भ्रम उतरवायचा. उद्यापर्यंत ओकोझे मिळणार नाही. पण तू आहेस."

शेवटच्या दिवशी सकाळी टोळी देवळीपुढे जमली. तोमेजिरोनं आणखी कुरूप दिसायला कवळी काढून डब्यात भाताच्या मुटक्यांशेजारी ठेवली, आणि रीत मोडून चालणार नव्हती, म्हणून आजोबांनी माशासारखंच त्याचं डोकं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलं. मग सगळ्यांनी तोंडं फिरवली.

"देवी," कागदाआतून घुमट आवाज आला, "हा बघ आताचा."

त्यानं कागद फाडला, डोळे तिरळे केले, गाल आत ओढले आणि बोळकं तोंड पसरलं. खरं तर कुणी बघायचं नव्हतं. पण शिगेमोरीनं चोरून बघितलंच. त्याच्या तोंडून जो हसण्याचा स्फोट झाला, तो ऐकून बाकीच्यांनीही माना वळवल्या, आणि मग पाचही म्हातारे बर्फात बसून पोट धरून हसायला लागले. त्यात तोमेजिरोही होता. बहिरं कुत्रंसुद्धा भुंकायला लागलं.

तेवढ्यात तोमेजिरोच्या खिशातला फोन वाजला.

"अहो, गेली!" हात्सुए ओरडत होती. "सगळी गेली! शेपट्या वर करून डोंगराकडे पळाली!"

"देवी हसली," आजोबा डोळे पुसत म्हणाले. मळ्यात आता खायला एक पानही उरलं नव्हतं, हे बोलायची कुणाला गरज वाटली नाही.

जो तो धावतपळत आपापल्या जागी गेला. तोमेजिरोनं शिट्टी तोंडाला लावली आणि जोरात फुंकली. फुस्स. दातांशिवाय ती वाजेना. आणि कवळी घालावी तर देवीचा भ्रम परत चढायचा. शेवटी आजोबांनीच लांबून "हो!" म्हणून आरोळी ठोकली आणि हाका सुरू झाला.

दुपार टळली. कुत्र्यांचा आवाज एकदा वरून आला, एकदा खालून, मग बंद झाला. तोमेजिरो देवदाराला पाठ लावून बसला होता. बोटं गारठली होती. शिट्टी छातीवर होती आणि तो ती अंगठ्यानं चोळत होता. बाप याच झाडाखाली बसायचा.  आता तासाभरात उजेड जाईल, मग ही दोरी डोक्यावरून काढायची आणि त्या जाड मानेत घालायची. 

आणि मग त्याला खालच्या खिंडीत शिंगं दिसली.

तेच ते खिडकीतलं शिंगाडं. मुळे खाऊन गोलमटोल झालेलं, झुलत झुलत चाललेलं. त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात नव्हतं ते. ते निघालं होतं सरळ पलीकडच्या जागेकडे, आणि पलीकडच्या जागी शिगेमोरी होता.

तोमेजिरोला इथून मेहुण्याची नारिंगी टोपी स्पष्ट दिसत होती. टोपीनंही हरीण बघितलं होतं. बंदूक वर आली. मग थांबली. मग हळूहळू खाली आली.

तोमेजिरोला सगळं समजलं. शिगेमोरीला आज काहीच करायचं नव्हतं. नुसतं बघत राहायचं. हरीण गेलं, की संध्याकाळी शिट्टी त्याची. कुणी विचारलं तर म्हणेल, दिसलंच नाही.

हरीण त्याच्यापुढे आलं आणि थांबलं. त्यानं शिगेमोरीकडे बघितलं, आणि त्याच्याकडे पाठ करून शांतपणे एक झुडूप खायला लागलं.

टोपी थरथरली. बंदूक वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. आजवर त्याच्यासमोरून एकही हरीण जिवंत परत गेलं नव्हतं, आणि हे तर पाठ दाखवून जेवत होतं.

धाड!

"पाडलं!" खिंडीत शिगेमोरी दोन्ही हात उंचावून नाचायला लागला. "एका गोळीत! दाजी, बघितलंत? एका गोळीत पाडलं! आजवर एकही..."

आणि तो मध्येच थांबला. हात तसेच वर राहिले. बराच वेळ राहिले.

तोमेजिरोनं डबा उघडला, कवळीवर चिकटलेला भात चाटून पुसून ती तोंडात बसवली आणि शिट्टी अशी वाजवली, की ती पार खालच्या गावात ऐकू गेली.

रात्री त्याच्या घरी टोळीसाठी हरणाच्या मांसाचं पातेलं रटरटत होतं. त्यात मुळा नव्हता. शिगेमोरी चौथ्या वाटीनंतरही बोलत नव्हता, आणि त्याच्या बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला हवं तितकं वाढलं.

"खा रे," ती म्हणाली. "तुझ्यामुळे यांची शिट्टी राहिली."

"ताई, वर मीठ नको चोळूस."

मंडळी गेल्यावर तोमेजिरो कोऱ्या कागदात फोटो गुंडाळायला बसला. "पुढच्या वर्षी ओकोझे मिळाला नाही तर हा असू दे," तो म्हणाला. "एवढी हरणं एका जागी कधी जमली नव्हती. मोजणीवाल्याचंही काम सोपं होईल."

हात्सुएनं त्याच्या हातातून फोटो काढून घेतला आणि कमरपट्ट्यात खोचला.

"तिला नाही मिळायचा," ती म्हणाली.

"अगं, पण तूच म्हणालीस ना, ओकोझेसारखा दिसतो म्हणून."

"दिसतोच," हात्सुए म्हणाली. "पण तो माझा ओकोझे आहे."

आणि ती भांडी घासायला गेली. खिडकीबाहेर मळा पहिल्यांदाच रिकामा होता, तरी तिनं पडदा ओढून घेतला.