बोल्टाभोवतीची जागा

"आत्या, ब्रेक दाबला! लागला का लाल?"

"लाल कुठला गं! पिवळाच मिणमिणतोय, त्योबी दुखणाईतावानी!"

साखरबाई गाडीच्या मागं कमरेवर हात ठेवून उभी होती. सून सारिका स्टिअरिंगवर बसली होती. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा आणि इंडिकेटर लावला की सगळेच दिवे डोळे मिटायला लागायचे. साखरबाईला आधी वैताग आला. मग मात्र भलतंच नवल वाटू लागलं. हाक एकाला मारावी आणि ओ भलत्यानंच द्यावी, हा काय प्रकार म्हणायचा!

गाडीमागच्या हुकाला अडकवलेलं हे लोखंडी कॅरियर तिच्या नवऱ्यानं, हौसरावांनी, स्वतः वेल्डिंग करून बनवलं होतं. त्यावर झेंडूचे क्रेट रचले की गाडीचे दिवे झाकून जात, म्हणून कॅरियरला वेगळे दिवे. हौसराव गेल्या माघात गेले. मुलगा भारत कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला. त्यामुळं माल पुण्याला न्यायचं काम आता सारिकाकडं आलं होतं.

उद्या खंडेनवमी, परवा दसरा. आज निघालेला झेंडू सोनं. दसरा उलटला की त्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. पण हायवेला पाठीवर ट्रक बसलेले असतात.

"मागं दिवा नसंल तर गाडी शिवंभाईर जाणार न्हाई," साखरबाईनं बजावलं. "फुलं पुन्यांदा येत्याल. माणूस न्हाई येत."

सारिकानं बल्ब बदलून पाहिला. फ्यूज पाहिला, धड होता. वायरीची पिन फडक्यानं पुसली. दिवे जसेच्या तसे. ऊन कलायला लागलं, तसा तिनं भांडगावच्या गोकुळ वायरमनला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वहिनी, अर्थिंग गेलंय," पलीकडून गोकुळ म्हणाला. "करंट जातोय, पण माघारी यायला त्याला उघडं लोखंड घावंना. म्हणून दुसऱ्याच दिव्यातनं वाट काढतोय. काळी वायर कॅरियरला बोल्टानं आवळलीय, तिथं बघा. कुणी काय केलंय का तिथं?"

सारिकानं सासूकडं पाहिलं. साखरबाईचा चेहरा पार उतरला.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं धुऊन, रंगवून पुजायची. कॅरियर दरवर्षी हौसराव रंगवायचे आणि साखरबाई मागून तपासणीला यायची. त्या एका बोल्टाभोवती रुपयाएवढं लोखंड दरवर्षी उघडंच राहायचं.

"एवढं रंगवायला काय हात झडले का?" ती दरवर्षी विचारायची.

"राहू दे की," ते हसायचे. "तुला बोलायला काय तरी नको का?"

यंदा रंगवायला तेच नव्हते. म्हणून काल तिनं जिवाभावानं, बोल्ट काढून, त्याच्या खालीसुद्धा रंगाचे दोन हात मारले होते. नवऱ्याच्या कामाला कुणी नाव ठेवायला नको म्हणून!

"आण हिकडं," म्हणत तिनं सुनेच्या हातातला पाना घेतला. बोल्ट काढला आणि विळ्याच्या टोकानं खरवडायला बसली. लाल रंगाचे पापुद्रे निघाले, खाली लोखंड चमकलं.

"एकदा तरी सांगायचं हुतं की मला!" ती त्या बोल्टालाच म्हणाली. "एवढी वर्सं नुसतं हसत बसलासा व्हय!" आणि तिला हसू आलं, ते आवरेपर्यंत डोळे भरले. सारिका शेजारी उकिडवी बसली. तिनं वायर धरली, साखरबाईनं बोल्ट आवळला.

"दाब ब्रेक!"

लाल उजेड तिच्या लुगड्यावर भरून पडला.

"लागला गं बाई, लागला!"

क्रेट चढले, गाडी निघाली. मागचे दिवे वळणाआड जाईपर्यंत साखरबाई रस्त्यावरच उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारिका सुखरूप परतली. गाडी पुजायला अंगणात लावली. शिफ्टवरून आलेला भारत कॅरियरला झेंडूची माळ बांधताना वाकून बघायला लागला.

"आये, बोल्टाभवती रंग राहिलाय की गं! आणू का डबा?"

साखरबाईनं कॅरियरला हळदीकुंकवाची बोटं ओढली, त्या बोल्टापाशी मात्र हात मागं घेतला.

"राहू दे की," ती म्हणाली. "तुला बोलायला काय तरी नको का?"