फाटकाचा खांब आणि तिसरी कॉइल

फाटकाच्या लोखंडी खांबावर, गुडघ्याच्या थोडं वर, पांढऱ्या रंगाचा एक आडवा ओरखडा होता. त्याच्या वर दुसरा, आणि त्याच्याही वर, बोट लावलं तर भुकटी येईल असा ताजा तिसरा. रंग आमच्या पिकअपचा. घरात प्रत्येक ओरखड्याला कारण होतं. पहिल्या वेळी हेडलाइट मंद होते, म्हणून ते बदलले. दुसऱ्या वेळी आरसा हलत होता, म्हणून तो बदलला. तिसऱ्या वेळी खांबच चुकीच्या जागी होता. काकांनी गवंडी बोलावून तो उपटला आणि वीतभर बाजूला रोवला. नव्या जागी रुळायच्या आतच त्याला चौथा ओरखडा मिळाला.

बाबांना नीट दिसत नाही, हे कारण मात्र कुणी सुचवलं नव्हतं. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, मीही नाही.

आईने आपल्यापुरता उपाय काढला होता. नर्सरीची रोपं पोचवायला बाबा निघाले की ती शेजारी बसायची आणि वाटभर बोलायची. "अगंबाई, सिग्नल लाल झाला वाटतं!" "ते सायकलवाले बघा, अगदी आपल्या पुढ्यात!" बाबा कौतुकाने सांगायचे, "हिला गाडीत जरा म्हणून गप्प बसवत नाही."

मग पिकअप आचके देऊ लागली. बाबांनी ती कशीबशी अंगणात आणून उभी केली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आम्हाला जे बोलता येत नव्हतं, ते गाडीने बोलून टाकलं होतं. मेकॅनिक परगावी गेल्याची बातमी काकांनी लगेच आणली. तो मला त्याच संध्याकाळी त्याच्या दुकानाच्या दारात दाढी करताना दिसला.

पण डोंगरावरच्या हॉटेलला दुसऱ्या दिवशी रोपं द्यायची होती, आणि तो रस्ता वळणांचा.

"मेकॅनिक नाही तर नाही," बाबा म्हणाले. "माझी लेक आहे ना!"

मी बॉनेट उघडलं. काका पाठीशी येऊन उभे राहिले. "पेट्रोलमध्ये पाणी गेलंय. टाकी उतरवावी लागणार."

"तू गप रे," बाबा म्हणाले.

प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारी एक कॉइल असते; मी एकेका कॉइलची वायर काढून इंजिन चालू करून पाहिलं. प्रत्येक वेळी ते आणखी लटपटलं. तिसऱ्या वेळी मात्र काहीच फरक पडला नाही.

"म्हणजे तिसरं सिलिंडर गेलं!" काका म्हणाले. "आता इंजिन खोलायचं. महिना कुठे गेला नाही." इतक्या आशेने दिलेली वाईट बातमी मी तरी ऐकली नव्हती.

"थांबा काका. तिसरी कॉइल पहिल्या जागी लावू आणि पहिली तिसऱ्या. बाकी कशाला हात लावायचा नाही. दोष जागेवरच राहिला तर कॉइल चांगली. कॉइलबरोबर गेला, तर तीच खराब."

दोष कॉइलबरोबर गेला.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! याला म्हणतात डोकं. तुम्ही लोक अख्खी गाडी बदलाल आणि खरा दोषी आत आरामात बसून राहील."

आईने खांबाकडे पाहिलं. काकांना पाना पुसायची तातडीची गरज वाटली.

नवी कॉइल बाबांनी स्वतःच बसवली. वायरचा कनेक्टर लावताना त्यांचा अंगठा आधी बोल्टवर गेला, मग झाकणावर, मग बोटांनी चाचपत जागेवर आला. "बसला," ते म्हणाले. टक् असा आवाज यायला हवा होता, तो आला नव्हता. फडक्याने पुसायच्या निमित्ताने मी कनेक्टर दाबला. टक्.

इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागलं. बाबा सोडून सगळ्यांचे चेहरे पडले. मी ते बंद केलं आणि चावी काढून घेतली.

"आण इकडे," बाबांनी हात पुढे केला. "एक चक्कर मारून येऊ. चल गं."

आईने एका पायात चप्पल सरकवली आणि घसा खाकरून मोकळा केला.

चावी माझ्या मुठीतच राहिली. "बाबा, आपण हेडलाइट बदलले."

"बदलले."

"आरसा बदलला. खांब हलवला."

"मग?"

"तुम्ही तापाने झोपला होता, तेव्हा गाडी मी चालवत होते. खांबाला नखसुद्धा लागलं नाही."

त्यांनी खांबाकडे वळून पाहिलं. नजर खांबाच्या हातभर उजवीकडे थांबली. "तुला म्हणायचंय काय?"

"अगं, जेवायची वेळ झाली," काका म्हणाले.

"बोलू द्या तिला," आई म्हणाली. दुसरी चप्पल तिने घातलीच नव्हती.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही," मी म्हणाले. "आजपासून गाडी तुम्ही चालवायची नाही. मी चालवणार."